एनजी: टाकून दिलेल्या चित्रफितींचा इतिहास

आजचा धागा थोडा लांब आहे, आणि विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. पण ज्या साधनावर त्याच्या जन्माच्या क्षणीच ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला जातो, त्या साधनाविषयी आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बोलायचे नाही तर कुणी बोलायचे?

चित्रीकरणाच्या जागी प्रत्येक टेकनंतर दोनच निकाल लागतात. ‘ओके’ किंवा ‘एनजी’. एनजी म्हणजे ‘नो गुड’. सहायक दिग्दर्शक तो शेरा कागदावर लिहितो आणि त्या काही फूट फितीचे भवितव्य ठरते. ओके टेक संकलकाच्या टेबलावर जातो, तिथून पडद्यावर, आणि नशीब असेल तर अभिलेखागारात. एनजी टेक जातो पिंपात, भंगारात, चांदी काढणाऱ्याच्या भट्टीत. हल्ली तर तो कुठेच जात नाही. कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणासाठी मोकळे करतात.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानमालिका तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग प्रसारित झाले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती रविवारी सकाळी लागत असे, आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीने ती पाहिली आहे. त्या मालिकेतल्या अंतराळयानाची दारे माणूस जवळ येताच आपोआप सरकून उघडतात. भविष्यकाळ म्हणजे काय, हे त्या दारांनी एका पिढीला शिकवले. प्रत्यक्षात ती दारे भिंतीमागे उभे राहिलेले कामगार ओढत असत. हे आपल्याला नीट कळते ते एनजी टेकमुळे: कप्तान मोठ्या रुबाबात दाराकडे चालत जातो, आतल्या माणसाचा एक क्षण चुकतो आणि कप्तान बंद दारावर आपटतो. प्रसारित भागांत ते यंत्र आहे. टाकून दिलेल्या फितीत तो कामगार आहे. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्याला जागा नव्हती. त्याची साक्ष आहे ती फक्त त्या फसलेल्या टेकमध्ये.

या फिती वाचल्या कशा, याची कथा मजेदार आहे. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने संकलनातून उरलेल्या फिती स्वतःकडे ठेवल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘लिंकन एंटरप्रायझेस’ या नावाने टपालाने वस्तू विकण्याचा उद्योग सुरू झाला आणि या उरलेल्या फितींच्या एकेका चौकटीचे तुकडे कापून ते पाकिटांतून चाहत्यांना विकले जाऊ लागले. म्हणजे जपणूक आणि नासधूस एकाच कात्रीने झाली. सलग दृश्ये तुटली, पण तुकडे हजारो घरांत पोहोचले, आणि त्यांतले कितीतरी चाहत्यांनी पुढे स्कॅन करून एकमेकांना दाखवले. उरलेली रिळे रॉडनबेरी कुटुंबाकडे राहिली. मालिकेच्या पन्नाशीला, २०१६ च्या डिसेंबरमध्ये, त्यांतून निवडलेला भाग ‘द रॉडनबेरी व्हॉल्ट’ या नावाने ब्लू-रे तबकड्यांवर प्रकाशित झाला. बाद दृश्ये, पर्यायी टेक, कॅमेरा सुरू होण्याआधीचे आणि बंद होतानाचे क्षण, असे बरेच काही त्यात आहे.

याच मालिकेचा पहिला चाचणी-भाग १९६४ साली चित्रित झाला होता. वाहिनीने तो नाकारला. पुढे १९६६ मध्ये त्याचेच तुकडे एका दोनभागी कथेत वापरण्यासाठी मूळ रंगीत निगेटिव्ह कापली गेली. उरलेला रंगीत भाग नष्ट झाला असे सर्वांनी धरले होते. हाती होती ती एक कृष्णधवल प्रत. १९८७ मध्ये ते रंगीत तुकडे एका प्रयोगशाळेत सापडले आणि पुढच्या वर्षी तो भाग संपूर्ण रंगात दाखवला गेला. नाकारलेल्या वस्तूतून कापून काढलेली कापणे, म्हणजे दोनदा एनजी, आणि त्यांच्यामुळे मूळ कृती पूर्ण झाली.

यापेक्षाही विलक्षण गोष्ट ब्रिटनची. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातील कितीतरी भाग टेप पुन्हा वापरता याव्यात म्हणून पुसले, चित्रपटफितीवरच्या प्रती जागा अडते म्हणून टाकल्या. ऑस्ट्रेलियात मात्र तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून त्या भागांतली काही दृश्ये कापली होती, आणि कापलेले तुकडे सरकारी शिस्तीप्रमाणे दप्तरी जमा केले होते. १९९६ मध्ये ते सापडले. आज काही हरवलेल्या भागांची चालती दृश्ये उरली आहेत ती एवढीच: जी प्रेक्षकांनी पाहू नयेत असे ठरले होते, नेमकी तीच. कारकुनाने नियम पाळला म्हणून इतिहास वाचला, ही गोष्ट कारकुनांना नावे ठेवणाऱ्या आपल्या सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या घरी येऊ.

मराठी इतिहाससंशोधनाची परंपराच मुळी टाकलेल्या कागदांतून उभी राहिली आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत दप्तरे शोधत हिंडले. वाईला एरंडे यांच्या घरी मिळालेल्या कागदांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या काळी कितीतरी दप्तरे वाण्याच्या पुड्या बांधण्यात आणि बंबात संपली. मोडी वाचायला शिकताना आमच्या वर्गात सर्वांत आवडता कागद कोणता असेल, तर खोडाखोड असलेला कच्चा खर्डा. पाठवलेले पत्र मुत्सद्द्याचे असते, कारण त्यात त्याला दिसायचे होते तसा तो दिसतो. खर्ड्यात मात्र आधी लिहिलेला कठोर शब्द, त्यावर मारलेली रेघ आणि वर लिहिलेला सौम्य शब्द, तिन्ही एकत्र असतात. राग कुठे गिळला, हे फक्त खर्डा सांगतो. एनजी टेक म्हणजे चित्रपटाचा खर्डा, एवढे मान्य केले की तो कचरा उरत नाही.

मग आपल्या चित्रपटांचे खर्डे कुठे आहेत?

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा केली ती एक चाचणी: कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचे रोप कसे होते, हे एकेक चौकट टिपत महिनाभराहून अधिक काळ चित्रित केले. काळ आवळून दाखवणारी ती फीत पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. भारतीय चित्रपटाचे पहिले पान ज्या रोपामुळे उघडले, ती फीत आज आपल्याकडे नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. चार रिळांच्या त्या चित्रपटाचे पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. त्यातही मेख अशी की, काही अभ्यासकांच्या मते हे तुकडे १९१३ च्या चित्रपटाचे नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे आहेत. ‘ओके’ ठरलेल्या वस्तूची ही अवस्था, तिथे एनजीचे काय सांगावे!

तरीही फाळके नशीबवान, आणि आपणही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारी एक छोटी फीत त्यांनी स्वतःच केली होती. तिचे उरलेले तुकडे तुम्ही पाहिले नसतील तर आवर्जून पाहा. पडद्यामागे काय चालते हे लपवण्याऐवजी दाखवण्याजोगे आहे, असे शंभर वर्षांपूर्वी या माणसाला वाटले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) तर सुरूच होतो तो त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील निरनिराळ्या भावांच्या प्रात्यक्षिकाने. इतर कुणी ती चाचणी पिंपात टाकली असती. फाळक्यांनी ती चित्रपटाच्या दारातच मांडली: ही माझी मुलगी, आता ती कृष्ण होणार आहे, पाहा.

मात्र दारे ओढणारे हात इथेही आहेतच. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फितीला भोके पाडत, फीत धुण्याची रसायने कालवत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’ पुन्हापुन्हा पाहिला तरी त्या त्यात दिसत नाहीत. चादरीवरून परतलेला उजेड तेवढा नटांच्या तोंडावर दिसतो.

पुण्याचे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तिथे पी. के. नायर या माणसाने आयुष्य घातले. फाळके कुटुंबीयांकडून तुकडे मिळवून त्यांनी ‘कालिया मर्दन’ची जुळणी केली. बोलपटाचे जनक अर्देशीर इराणी यांना ते भेटले तेव्हा ‘आलम आरा’ची काही रिळे असतील असे इराणींना वाटत होते; ती चांदीसाठी कधीच विकली गेली होती, असे नायर यांना नंतर मुलाकडून कळले. फितीवरील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते, हे इथे समजून घ्यायला हवे. फीत रसायनात बुडवली की चांदी निघते, आणि खाली उरते पारदर्शक पट्टी. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ज्यासाठी लोकांची झुंबड उडाली, त्याची किंमत शेवटी वजनावर ठरली.

आणि जे वितळले नाही ते जळाले. जुनी फीत नायट्रेटची असे. ती पेटली की स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यातसुद्धा जळत राहते. तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरडी वर आली असे आपण श्रद्धेने सांगतो. नायट्रेटच्या रिळाला पाणी तारत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, एकेकाळच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळांची राख झाली. ज्यांच्या प्रती आधी नव्या फितीवर उतरवल्या होत्या, त्यांचे चित्र तरी उरले. नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फीत तशी सहज पेटत नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो आणि फीत आक्रसून वाकडी होते. एका डब्याची ही बाधा शेजारच्या डब्यालाही होते. थंड आणि कोरडी खोली हाच काय तो उपाय, आणि खोलीचे वीजबिल दर महिन्याला येते. कुठलाही संग्रह पैसे कमी पडू लागले की पहिल्यांदा काय बाजूला सारील, हे ओळखणे अवघड नाही.

दूरचित्रवाणीची कथा आणखी करुण. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांची नावे आपण ज्येष्ठांच्या तोंडून ऐकतो. त्या काळी टेप महाग होती. एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा मुद्रित करणे ही जगभरच्या वाहिन्यांची रीत, आणि वरळीही तिला अपवाद नव्हती. कार्यक्रमच पुसले जात, तिथे कार्यक्रमातून गाळलेला भाग कोण ठेवणार? म्हणून अलीकडे दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून आणि प्रसार भारतीच्या संग्रहातून जुन्या ध्वनिचित्रफिती इंटरनेटवर येतात, तेव्हा मी त्यांची सुरुवात आणि शेवट आधी पाहते. निवेदिका कॅमेरा सुरू झाला आहे हे न कळून पदर सारखा करते, कुणीतरी खोकते, पडद्यावर घड्याळ दिसते. तेवढे क्षण संकलकाच्या हातून सुटलेले असतात.

या विषयाकडे मी वळले ती मात्र पुस्तकांमुळे नव्हे. आम्ही मीरा रोडला राहतो. माझा मामा भाईंदर पूर्वेला. नव्वदच्या दशकात तो एका छोट्या संकलनगृहात सहायक होता. आमच्या भागाला तेव्हापासून चित्रीकरणाची सवय आहे: काशिमीऱ्याजवळचे गाळे, घोडबंदर रस्त्यालगतचे बंगले, जिथे आज दवाखाना आहे तिथे उद्या न्यायालय. अशाच एका गाळ्यात १९९६ च्या पावसाळ्याआधी काही जणांनी मिळून मुलांसाठी एका अंतराळमालिकेचा चाचणी-भाग चित्रित केला. थर्माकोलचे यान, पत्र्याच्या डब्यांची यंत्रे. कुठल्याच वाहिनीने तो घेतला नाही. निर्मात्याने गाळा सोडला, मूळ भागाची टेप कुठे गेली कुणास ठाऊक. मामाच्या माळ्यावर राहिल्या त्या उरलेल्या अकरा बीटाकॅम टेपा. प्रत्येकीवर त्याच्याच अक्षरात ‘एनजी’ आणि तारीख.

खाडीकाठच्या दमट हवेत टेपेला बुरशी धरते. अकरांपैकी चारांवर ती पांढरी दिसतच होती. उरलेल्या सात, लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या गोरेगावच्या एका कारागिराकडे नेल्या. त्याच्याकडे चालू स्थितीतले बीटाकॅम यंत्र होते आणि त्याचे सुटे भाग तो दुसऱ्या दोन मेलेल्या यंत्रांतून काढत होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. टेप टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही, आणि यंत्र टिकले तरी त्याचे डोके साफ करता येणारा माणूस टिकेल असे नाही.

सात टेपांत साधारण तीन तासांचे चित्रण निघाले. परग्रहावर धुके हवे म्हणून नारळाच्या शेंड्या आणि लोबान पेटवलेले. नायक ‘या ग्रहावर श्वास घेता येतो’ हे वाक्य सुरू करतो आणि ठसकतो. नऊ वेळा. प्रत्येक वेळी मागून आवाज येतो, “अरे, धूर कमी कर!” आणि दुसरा, अगदी तरुण आवाज, “करतोय, करतोय.” तो मामाचा. सहायक संकलक म्हणून घेतलेला माणूस प्रत्यक्षात धुपाटणे सांभाळत होता. एका टेकमध्ये धूर विरतो तेव्हा मागची भिंत दिसते, भिंतीवर खडूने लिहिलेला जेवणाचा हिशेब: नावे आणि वडापावांची संख्या. त्या गाळ्यात त्या दिवशी नेमके कोण होते, याचा एवढाच लेखी पुरावा शिल्लक आहे.

मी उत्साहाने मामाला म्हटले, आपण हे इंटरनेटवर टाकू.

तो म्हणाला, “अगं, एनजी लिहिलंय ना त्यावर? मग?”

इथे माझ्या सगळ्या पुस्तकी युक्तिवादांची पंचाईत झाली. कारण हाच प्रश्न ‘स्टार ट्रेक’च्या वेळीही आला होता. रॉडनबेरी चाहत्यांच्या मेळाव्यांत फसलेल्या टेकांचे रीळ दाखवत असे, लोक हसून लोळत; स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांना ते रुचले नव्हते. तालमीत, सरावात, चुकताना नट निर्धास्त असतो, कारण हे बाहेर जाणार नाही असा विश्वास असतो. तो विश्वास मोडून मिळालेल्या साधनाला इतिहासाचे साधन म्हणावे का? पेशव्यांच्या कारकुनाला विचारून कुणी त्याचा खर्डा छापला नाही, हे खरे. पण तो कारकून अडीचशे वर्षांपूर्वी गेला. लोबानाच्या धुराने ठसकणारा तो नायक आज पन्नाशीत आहे, आणि त्याला मुले आहेत.

कायद्याची वाटही सरळ नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षे चालतो. जे कधी प्रकाशितच झाले नाही, त्याची ६० वर्षे कुठून मोजायची? जपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मला तेव्हा कळले. जपायला परवानगी लागत नाही, उशीर मात्र चालत नाही. प्रसिद्ध करायला उशीर चालतो. आपले संशोधक बहुधा उलट वागतात: प्रसिद्ध करण्याची घाई, जपण्याची टाळाटाळ.

म्हणून सध्या तीन तासांच्या त्या चित्रणाच्या तीन प्रती आहेत, तीन वेगवेगळ्या घरांत. प्रत्येक टेकची यादी मी केली आहे: टेपेचा क्रमांक, वेळ, कोण दिसते, कोण ऐकू येते. त्या नायकाचा पत्ता मामानेच शोधून दिला. त्याला एक प्रत पाठवली. दोन आठवड्यांनी त्याचा मामाला फोन आला. तासभर दोघे बोलत होते, आणि मामी म्हणते की त्यातला अर्धा तास फक्त हसणे होते. प्रसिद्ध करायला त्याची हरकत नाही, एकाच अटीवर: नऊच्या नऊ टेक दाखवायचे, निवडक नाहीत. मामाचा होकार अजून यायचा आहे. भिंतीवरच्या हिशेबातील पाच नावांपैकी तीन त्याने ओळखली आहेत, उरलेली दोन आठवली की बघू, असे तो म्हणतो. बुरशी आलेल्या चार टेपा कोरड्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या आहेत. गोरेगावचा कारागीर सांगतो की बुरशी हाताने, एकेक इंच पुसावी लागेल; एका टेपेला त्याचे चार दिवस जातील. पहिली टेप पुढच्या शनिवारी न्यायची आहे. तिच्यावर २३ मे १९९६ ही तारीख आहे आणि एनजीच्या पुढे कंसात एक शब्द लिहून खोडला आहे. अक्षर मामाचेच, पण काय लिहिले होते ते त्यालाही आता लागत नाही.